नवव्या खिडकीची मोजणी

निशाच्या नव्या घराला खिडक्या नऊ होत्या आणि तिला पडदा हवा होता एकाच खिडकीला. बाकीचे आठ पडदे त्या एकाला सोबत म्हणून होते. नुसत्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावला असता तर शेजारच्या चंद्राबाईंना तो आपल्या तोंडावर लावल्यासारखा वाटला असता, आणि तसं वाटणं अगदी बरोबर ठरलं असतं.

चंद्राबाई पंच्याऐंशीच्या. दात गेले होते, गुडघे गेले होते, नजर मात्र घारीची. सून मुंबईला नातवंडं सांभाळायला गेलेली आणि मुलगा रावजी दिवसभर शेतात, त्यामुळे सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत त्या आपल्या पडवीत बसून असत. पडवीच्या समोर पंचवीस-तीस पावलांवर निशाच्या स्वयंपाकघराची खिडकी. मध्ये रावजीची विहीर आणि थोडी मोकळी जागा. टीव्ही लावला तर वीज जाते. ही खिडकी कधीच जात नसे.

"निशा, आज पन डाळच का गो?"

"निशा, दोन मानसांना पाच भाकऱ्या?"

"बिरड्यात गूळ घातलास तो दिसला मला. दत्ताला गोड चालतं का?"

नवऱ्याच्या, म्हणजे दत्तारामच्या, बदल्यांमागे निशाने माणगाव, रोहा, म्हसळा, महाड अशी तीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली होती. पोलादपूरच्या पुढे, नवऱ्याच्या वाडीत बांधलेलं हे तिचं पहिलं स्वतःचं घर. त्यात भाकरी थापताना कोणी मोजू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

म्हणून शुक्रवारी ती महाडच्या बाजारात अरविंद पडदेवाल्याकडे गेली. त्याने आधी एकच प्रश्न विचारला.

"घर महाडात की वर?"

"वर. पोलादपूरच्या पुढे."

"मग पूर्ण लांबीचे शिवतो. इथले लोक पुरानंतर हातभर आखूडच मागतात. मापं सोमवारपर्यंत आणा, ताई. मंगळवारपासून शाळेचे गणवेश घेतलेत. सोमवार हुकला तर पडदे थेट गणपतीत."

निशाच्या शिवणाच्या डब्यात टेप होता. मनावर घेतलं असतं तर अर्ध्या तासात नऊ खिडक्या झाल्या असत्या. पण तिचा नवरा दत्ताराम मोजणी खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक होता, आणि आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांची जमीन मोजली त्याच्यासमोर त्याच्या घरात दुसऱ्याने टेप धरणं म्हणजे आचाऱ्यासमोर बाहेरून जेवण मागवणं.

"शिवणाचा टेप?" दत्तारामने तो दोन बोटांत उंदरासारखा उचलला. "हा ताणला जातो. मीटरला अर्धा सेंटिमीटर खातो."

"अहो, खिडकी चार फुटांची आहे."

"चार फूट हा अंदाज झाला. मोजल्यावर कळेल."

शनिवारी सकाळी त्याने ट्रंक उघडली. तीस मीटरचा पोलादी टेप निघाला, ओळंबा निघाला, कागद लावायची फळी निघाली, आणि उन्हात घालायची ती खाकी टोपी, जी घरात घालायचं काही कारण नव्हतं, तीही डोक्यावर चढली. निशाने टेपचं टोक धरायचं, त्याने आकडा वाचायचा, तिने तो परत म्हणायचा, मग त्याने लिहायचा. आतून नऊ खिडक्यांना दोन तास लागले.

"झालं ना? आणा तो कागद."

"झालं कुठे? आता बाहेरून."

"पडदा आत लावायचाय!"

"आणि ताळा? आतलं माप बाहेरच्या मापाशी जुळल्याशिवाय मोजणी पुरी होत नाही. चौतीस वर्षांत मी ताळ्याशिवाय कुठल्याही नकाशावर सही केलेली नाही."

आठ खिडक्यांचा ताळा बिनबोभाट जमला. नववीला, म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीला, दत्ताराम मागच्या अंगाला गेला. खिडकीच्या दोन्ही कडांवरून ओळंबा सोडला, तो जिथे भुईला टेकला तिथे पिशवीतून चिमूटभर चुना टाकला, आणि मग भिंतीच्या कोपऱ्यापासून त्या खुणांपर्यंत टेप सरळ जमिनीवर अंथरला.

त्या वाडीत लांब टेप आणि चुना एका जागी दिसले की कोणाच्या तरी हद्दीचं भांडण सुरू झालं असं समजतात. दुसरं कारण आजवर घडलेलं नाही.

"दत्ता, काय चाललंय रे?" पडवीतून चंद्राबाईंनी विचारलं.

"पडद्याचं माप घेतोय, काकी."

चंद्राबाईंनी टेप पाहिला, टोपी पाहिली, चुना पाहिला. एरवी त्यांनी त्यावर तीन प्रश्न विचारले असते. आज एकही विचारला नाही. त्या भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि रावजीला फोन लावून चारच शब्द बोलल्या, "रावजी, दत्तानं चुना टाकला."

रावजी दहा मिनिटांत हजर. शेतात झुडपं तोडत होता तसाच आला, त्यामुळे हातात कोयता होता. तो कामाचाच होता. पण हद्दीवर आलेल्या माणसाच्या हातात कोयता वेगळा दिसतो.

"दत्ताराम, हे काय?"

"पडदे लावतोय, रावजीदादा."

"पडद्याला तीस मीटरचा टेप?"

"अचूक असतो."

"आनि चुना?"

"खुणेला."

"पडद्याची खूण भुईवर?"

याचं शास्त्रीय उत्तर दत्तारामकडे होतं. ते त्याने दिलं, इथेच दिवस हातातून गेला. "कसं आहे, दादा, भिंतीचा कोपरा हा आपला कायम बिंदू. त्यापासून तुमच्या बाजूला लंब टाकला की—"

"माज्या बाजूला?" रावजी म्हणाला, आणि त्याने मुंबईला मंगेशला फोन लावला.

मंगेश म्हणजे रावजीचा मुलगा, डोंबिवलीला राहणारा. गावात वर्षातून दोनदा येई, पण गावच्या जमिनीची काळजी त्याला रोज असे. फोन स्पीकरवर असल्यामुळे त्याचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं. "पप्पा, कायपण साइन करू नका! ते काका रिटायर्ड आहेत ना, त्यांना सगळे लूपहोल माहीत असतात. एक काम करा, फोटो काढून पाठवा. मी ग्रुपवर टाकतो."

ग्रुप म्हणजे वाडीच्या मुंबईकरांचा. फोटोत टोपी घातलेला दत्ताराम जमिनीवर ओणवा होऊन चुना टाकताना दिसत होता. खाली मंगेशने लिहिलं, 'आपल्या गावात न विचारता मोजणी सुरू.' कोणाची, कुठे, ते लिहायचं राहिलं. त्यामुळे विरार ते पनवेलपर्यंत राहणाऱ्या प्रत्येकाला ती आपल्याच जमिनीची वाटली, आणि प्रत्येकाने गावात फोन केला. दुपारपर्यंत वाडीतल्या सहा घरांनी ट्रंका उघडून नकाशे बाहेर काढले. काल एका ताटात जेवलेल्या दोन सख्ख्या भावांचं बांधावरच्या फणसावरून बोलणं बंद झालं. एकाने तर, असलेलं बरं म्हणून, आपल्या कुंपणाला नव्याने काटेही लावून घेतले.

निशाने वाटीभर कैरीचं पन्हं करून चंद्राबाईंकडे नेलं. चंद्राबाई भिंतीकडे बघत होत्या. "नको गो. घसा बरा नाय," एवढंच म्हणाल्या. वाटी भरलेलीच परत आली. निशा राहायला आल्यापासून या दोन घरांत वाट्या ये-जा करत होत्या. भरलेली परत आलेली ही पहिलीच.

"मला पडदा हवा होता," निशा नवऱ्याला म्हणाली, "भिंत नको होती."

दत्तारामला दुसरंच लागलं होतं. लोक त्याच्या मोजणीवर संशय घेत होते. "उद्या पंच बोलवा म्हणावं. सगळ्यांसमोर हद्द मोजून दाखवतो. माझ्या मोजणीवर आजवर एकही अपील टिकलेलं नाही."

"अपील राहू द्या. मला तो कागद द्या. परवा सोमवार आहे."

"नवव्या खिडकीचा ताळा व्हायचाय. अर्धवट कागद मी देत नसतो."

रविवारी सकाळी मंगेश रात्रभर गाडीत बसून आला, डोळे लाल आणि काखेत प्लास्टिकची फाइल. मुख्य पंच म्हणून गावकीतले सगळ्यांत वडील येसाजीबाबा आले. त्यांच्यासाठी विहिरीजवळ खुर्ची टाकली. बाकीची वाडी उभीच होती.

"तुमच्याकडं कागद काय हाय?" येसाजीबाबांनी विचारलं.

मंगेशने फाइलमधून पिवळा पडलेला नकाशा काढला. "आजोबांनी करून घेतलेली सरकारी मोजणी आहे. तीस वर्षांपूर्वीची. विहिरीच्या कठड्यापासून आमची हद्द बारा मीटर ऐंशी. स्टॅम्प, सही, सगळं ओरिजिनल."

"सही कोनाची?"

मंगेशने नकाशा उन्हात धरला. "काय कळत नाही. फार वळणं आहेत."

दत्तारामने मान पुढे केली आणि टोपी काढली. "माझी आहे," तो म्हणाला.

स्वतःच्या जमिनीला लागून स्वतः मोजणी करू नये, असा संकेत तेव्हाही होताच. पण त्या वर्षी मोजणीदार दोघे होते आणि त्यातला एक काविळीने आडवा होता. तरुण दत्तारामने ते काम अंगावर घेतलं होतं आणि, त्याच्याच शब्दांत, केसाइतकाही फरक ठेवला नव्हता.

"मग तर भांडनच मिटलं," येसाजीबाबा म्हणाले. "तुजाच नकाशा, तुजाच टेप. मोज."

मंगेशने टेपचं शून्य विहिरीच्या कठड्याला दाबून धरलं. दत्ताराम टेप ताणत आपल्या घराकडे चालत गेला. दहा मीटर झाले. अकरा झाले. बारा झाले. बारा मीटर बेचाळीसवर त्याचा हात भिंतीला लागला.

दत्तारामने टेपकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, परत टेपकडे पाहिलं. टेप पोलादी होता. ताणला जाण्याची सोय नव्हती.

"अडतीस सेंटिमीटर ऱ्हायले की," कोणीतरी मागून म्हणालं. "सव्वा फूट."

दत्तारामने उभ्या आयुष्यात मोजणी अर्धी सोडली नव्हती. त्याने टेप वर उचलला आणि खिडकीच्या गजांतून आत सरकवला. "निशा, टोक धर. बारा ऐंशी कुठे येतात ते सांग."

आत काही वेळ भांडी सरकवल्याचा आवाज झाला.

"मिक्सरवर," निशा म्हणाली.

नऊ इंच भिंतीचे आणि सहा इंच ओट्याचे, असा तो सव्वा फूट स्वयंपाकघरात जाऊन बसला होता. मंगेश डोंबिवलीहून रात्रभर ज्या वाक्याची तयारी करत आला होता ते त्याला एकदम आठवेना. भांडायला आलेल्या माणसाला इतक्या लवकर जिंकायची सवय नसते.

दत्तारामसमोर दोनच वाटा होत्या. तेव्हा चुकलो म्हणावं, तर चौतीस वर्षांची नोकरी गेली. आता चुकलो म्हणावं, तर स्वयंपाकघर गेलं. त्याने टेप हळूहळू गुंडाळला. पूर्ण गुंडाळून होईपर्यंत कोणाकडे पाहिलं नाही.

"नकाशा बरोबर आहे," तो म्हणाला. "भिंत चुकलीय."

हे ऐकून सगळ्यांत जास्त अवघडला तो रावजी. "आता ऱ्हाऊ दे रे, दत्ताराम. एवढं काय?"

"नाही, पण मी आखणी हद्दीच्या दगडापासून केली होती! मी स्वतः पुरलेला दगड. तो काय तिथे आहे!"

"त्यो?" पडवीतून चंद्राबाई बोलल्या. कालपासूनचा त्यांचा हा पहिला सलग आवाज. "त्यो माज्या मालकांनी उपटून इकडं पुरला. म्हशीला ठेच लागायची."

"म्हणजे दगड तुम्ही सरकवला!" दत्तारामचा चेहरा उजळला. "मग चूक माझी कशी?"

"आमी दगड सरकवला तो आमच्या जाग्यात. तू भिंत का सरकवलीस?"

आता मंगेशला आपलं वाक्य सापडलं. "भिंत तोडा!"

"आनि त्या सव्वा फुटात काय करू?" रावजी वैतागला. "कोथिंबीर लावू?"

येसाजीबाबांनी हात वर केला. "सातबाऱ्यावर नाव कोनाचं?"

नाव चंद्राबाईंचं होतं. सगळी वाडी पडवीकडे वळली. चंद्राबाई काठी घेऊन उठल्या, विहिरीला वळसा घालून निशाच्या घरात शिरल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. त्या खिडकीतून त्यांनी आत खूप पाहिलं होतं. आतून बाहेर आज पहिल्यांदाच पाहत होत्या. आपली पडवी, आपली चटई, आपला पानाचा डबा. त्यांनी ओट्यावर हात टेकला.

"भिंत ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ओटा ऱ्हाऊ दे. मिक्सरपन ऱ्हाऊ दे. पन ही खिडकी माज्या जाग्यात हाय. हिला पडदा लावायचा नाय."

निशाचा चेहरा उतरला. "काकी, बाकी काहीही सांगा."

"बाकी मला काय करायचंय? दिवसभर मी काय भिताडाशी बोलू?"

बाहेर पंचांना हा निकाल फारच स्वस्तातला वाटला. दत्तारामने तिथेच फळीवर कागद लावला आणि पंचनामा लिहिला. नोकरीत त्याने हजारो पंचनामे लिहिले होते. स्वतःविरुद्धचा हा पहिला, आणि अक्षर सगळ्यांत सुंदर याचंच. 'सदर खिडकीस पडदा, कागद अगर आडोसा करणारी कोणतीही वस्तू लावणार नाही.' मंगेशने 'पुठ्ठा' हा शब्द घालायला लावला, म्हणजे त्याचं येणं अगदीच फुकट गेलं असं झालं नाही. निशाने सही केली तेव्हा तिच्या हातातल्या पेनाने कागद थोडा फाटला.

सोमवारी अरविंद पडदेवाल्याला मापं वेळेवर मिळाली. आठ.

पडदे आले, आठ खिडक्यांना लागले, आणि घर असं दिसू लागलं की दुसऱ्या कोणाचंही मन भरलं असतं. निशा स्वयंपाकघरात तोंड मिटून भाकऱ्या थापत होती. "आज पाचच्या सहा कशा गो?" असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी थापता थापता तिने मान वर केली आणि तिला एक साधी गोष्ट दिसली. खिडकीला दोन बाजू असतात.

"काकी," तिने हाक मारली, "रक्तदाबाची गोळी तोंडात नाही गेली. जास्वंदीत गेली."

दारात चप्पल घालणारा रावजी थांबला. "आये?"

"पडली असंल," चंद्राबाई म्हणाल्या.

"फेकली, रावजीदादा. कालपण फेकली होती."

दुपारी पुन्हा आवाज आला, "काकी, गुळाचा हा तिसरा खडा. डॉक्टरांनी एकसुद्धा नको म्हटलंय ना?" संध्याकाळी, "काकी, काठी न घेता विहिरीकडे कुठे?" निशाच्या आवाजात वाकडेपणा नव्हता. ती खरोखर काळजीने बघत होती, आणि त्यावर चंद्राबाईंना काही उपाय सापडत नव्हता. पाचव्या दिवशी डोंबिवलीहून मंगेशचा निशाला फोन आला.

"काकू, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका. एक रिक्वेस्ट होती. आजीवर जरा लक्ष ठेवाल?"

"ठेवते की," निशा म्हणाली. "तुमच्याच जागेतून ठेवते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी डोंबिवलीला अहवाल जाऊ लागला. चंद्राबाईंच्या पानाच्या डब्यातला गूळ गेला. जास्वंदीचाही रक्तदाब पुन्हा चढला असावा. नव्या गोळ्या तिला मिळेनात. दहाव्या दिवशी म्हातारी काठी टेकत निशाच्या दारात आली.

"निशा, पडदे लय झ्याक दिसतात गो तुझे."

"हो ना, काकी."

"त्या मागच्या खिडकीला बी एक लाव की. मोकळी बरी नाय दिसत."

निशाने पदराने हात पुसले. हा क्षण तिला लवकर संपवायचा नव्हता. "कसा लावू? पंचांसमोर सही झालीय."

"मी सांगते ना!"

"तुमच्या एकट्यांच्या सांगण्यावर नाही चालणार, काकी," आतल्या खोलीतून दत्ताराम म्हणाला. निवृत्तीनंतर त्याला इतका आनंद प्रथमच होत होता. "पंचनाम्यात बदल करायचा तर सगळे पंच परत बोलवावे लागतील. मंगेशलापण."

मंगेशचं नाव ऐकल्यावर चंद्राबाई वळल्या आणि काठी टेकत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशाने खिडकीतून पाहिलं, तर रावजीच्या पडवीत या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी बांधलेली आणि तिच्यावर चंद्राबाईंचं हिरवं लुगडं आडवं पसरलेलं. पडवी दिसत नव्हती, चटई दिसत नव्हती, म्हातारी दिसत नव्हती. नवव्या खिडकीचा पडदा लागला होता. दुसऱ्याच्या घरात लागला होता, आणि त्याचं माप कोणी घेतलं नव्हतं, तरी दोन्ही कडा बरोब्बर बसल्या होत्या.

निशाने त्या दिवशी मनासारख्या भाकऱ्या थापल्या. पाच की सहा, कोणी विचारलं नाही. तिने तव्यावर सुकट टाकली आणि खिडकीशी उभी राहून त्या लुगड्याकडे बघत राहिली. मागे काही हालचाल नव्हती. गोळीची वेळ झाली होती. रावजी केव्हाच शेतावर गेला होता. काठी घेतली असेल का, पाणी जवळ असेल का. बघता बघता किती वेळ गेला, ते तिला कळलं नाही.

"निशा!" लुगड्यामागून आवाज आला. "सुकट करपली गो!"

निशा दचकली, तरी वळली नाही. "आधी सांगा, गोळी घेतलीत का?"

"घेतली गो बाय, घेतली! तू आदी ग्यास बंद कर."